क्रोमची विंडो रोज इवलुशी का उघडते, आणि हव्या त्या मापात कशी उघडायची

सेलूकडच्या एका सेवा केंद्र चालवणाऱ्या ताईंनी विचारलंय, त्यांच्याच शब्दांत सांगतो: "दादा, क्रोम उघडलं की इवलुसं उघडायलंय. मोठं करते, दिवसभर काम करते, रात्री बंद करते, सकाळी पुन्हा तेच. त्यात फॉर्मचं सबमिटचं बटण खालच्या पट्टीमागं दडून बसायलंय. मला डाव्या अंगाला फॉर्म आन उजव्या अंगाला माणसाची स्कॅन केलेली कागदं असं कायमचं पाहिजे. ह्याची सेटिंग कुठाय?"

ताई, सेटिंग कुठंच नाही. क्रोमच्या सेटिंगमध्ये विंडोच्या मापाचा कप्पाच ठेवलेला नाही, एज आणि फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरमध्येही नाही. तुम्ही तासभर शोधलं असेल तर सापडलं नाही यात तुमचा दोष नाही. पण काम होतं, आणि त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. परभणी, जिंतूर, मानवत, पाथरी या पट्ट्यात सतरा वर्षं मी काँप्युटर दुरुस्तीला फिरतोय. ही तक्रार दर जूनमध्ये येते, कारण दाखल्यांची गर्दी जूनमध्येच असते आणि एरवी खपून जाणारी गोष्ट तेव्हा डोक्यात जाते.

ब्राउझर माप कुठून घेतो ते आधी समजून घ्या, म्हणजे निम्मं काम होईल. प्रत्येक प्रोफाइलच्या, म्हणजे क्रोममधल्या एकेका वापरणाऱ्याच्या खात्याच्या, फोल्डरमध्ये 'प्रेफरन्सेस' नावाची एक फाइल असते. क्रोम त्यात डावी कड, वरची कड, उजवी कड, खालची कड असे चार आकडे लिहून ठेवतो आणि विंडो पूर्ण मोठी केलेली होती की नाही याची एक खूण करतो. पुढच्या वेळी तेच वाचून विंडो उघडतो. म्हणजे सकाळी दिसणारं माप हे काल शेवटी जी विंडो तुमच्या हाताखालून गेली तिचं असतं. दिवसभर तुम्ही कुठल्या मापात काम केलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आणि हाताखालून शेवटी कुठली गेली हे कुणाच्या लक्षात नसतं. जिंतूर रोडवरच्या एका केंद्रात मी चहा घेत मुद्दाम मागं बसून बघितलं. काउंटरवरच्या मुलीनं एक टॅब ओढून बाहेर काढला, त्याची वेगळी छोटी विंडो झाली, ती तिनं कोपऱ्यात ठेवली. त्यात कुणाच्या तरी अर्जाची स्थिती बघायची होती. मोठ्या विंडोत दिवसभर उत्पन्नाचे दाखले भरले. संध्याकाळी सात वाजता मोठी विंडो फुलीनं बंद केली, मागं ती छोटी उरलेली दिसली, तीही बंद केली, शटर ओढलं. क्रोमच्या वहीत, म्हणजे त्या फाइलमध्ये, शेवटची नोंद छोटीची. सकाळी छोटी उघडली आणि मुलगी म्हणाली, "बघा, काँप्युटरला काहीतरी झालंय." काँप्युटरला काहीच झालेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि ती शिकलेल्या लोकांनाही ठाऊक नसते. विंडोजमध्ये प्रत्येक विंडोला दोन मापं असतात. एक तिचं साधं माप, आणि एक मॅक्सिमाइज केल्यावरचं, म्हणजे पूर्ण मोठी केल्यावरचं. मॅक्सिमाइज केलं म्हणून साधं माप पुसलं जात नाही, ते खाली तसंच राहतं. वरच्या तीन बटणांतलं मधलं बटण दाबलं की विंडो पुन्हा त्या जुन्या मापावर येते. म्हणून छोटी विंडो मोठी करायला नुसतं मॅक्सिमाइज करणं म्हणजे वरून चादर टाकणं. कुणाचं बोट चुकून मधल्या बटणावर पडलं, किंवा विंडोच्या वरच्या पट्टीवर दोनदा क्लिक झालं, की आतली इवलुशी पुन्हा बाहेर.

याचीच सख्खी बहीण म्हणजे विंडोजची कळ आणि डावा बाण दाबून विंडो अर्ध्या स्क्रीनला चिकटवणं. सोय छान आहे, विंडोज सातपासून म्हणजे २००९ पासून आहे, मी रोज वापरतो. पण चिकटवलेली विंडो विंडोजच्या लेखी तात्पुरती. साधं माप त्याच्याही खाली जुनंच असतं, आणि क्रोम वहीत ते जुनं लिहितो. ताई, तुम्ही डावं-उजवं करून बघितलंच असणार आणि दुसऱ्या दिवशी ते मोडलेलंच असणार. कारण हे आहे.

तर पहिला उपाय असा, आणि दहातल्या सात जणांचं एवढ्यावर भागतं. क्रोमच्या सगळ्या विंडो बंद करा, एकच ठेवा. ती मॅक्सिमाइज असेल तर मधल्या बटणानं खाली आणा, चिकटवलेली असेल तर वरची पट्टी धरून जरा ओढा म्हणजे सुटते. आता कडा माऊसनं धरून विंडो हव्या त्या मापाची करा. अर्धी पाहिजे तर हातानं ओढून अर्धी करा, बाणांनी नाही. पूर्ण मोठी पाहिजे असेल तरी आधी साधं माप चांगलं मोठं करून घ्या आणि मग मॅक्सिमाइज करा. मग तीच विंडो फुलीनं बंद करा. पुन्हा उघडून बघा. रात्री दुकान बंद करताना छोट्या आधी आणि ही शेवटी, एवढा क्रम पाळायचा.

'फुलीनं' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्याकडं लाइट सांगून जात नाही. यूपीएसची बॅटरी उतरलेली असेल तर पीसी धाडकन बंद होतो आणि ब्राउझरला शेवटचं लिहायला वेळ मिळत नाही. क्रोम अधूनमधून लिहीत असतो, त्यामुळे फार जुनं जात नाही, पण नुकतंच बसवलेलं माप जाऊ शकतं. लिहिता लिहिता फाइलच बिघडली तर मापासकट बऱ्याच सेटिंग पहिल्यासारख्या होतात. बॅटरी बदला एवढंच म्हणतो. आणखी एक: ते रोज 'सफाई' करणारं सॉफ्टवेअर कुणी टाकून दिलं असेल आणि त्यात ब्राउझरच्या सगळ्या खुणांवर टिक असेल, तर रात्री तुम्ही बसवायचं आणि सकाळी त्यानं पुसायचं असा खेळ चालतो. तसंच, क्रोमच्या सेटिंगमध्ये 'जिथं सोडलं तिथून सुरू करा' हा पर्याय चालू असेल तर जुन्या विंडो ज्या त्या मापासकट परत येतात, छोट्याही.

आता सबमिटच्या बटणाकडं येतो. ते माझ्या मते विंडोच्या मापाचं दुखणं नाहीच.

तुमच्याकडं बहुधा साडेअठरा इंची मॉनिटर आहे, म्हणजे रिझोल्युशन १३६६ बाय ७६८ ठिपके. उभ्या ७६८ मधून विंडोज दहाची खालची पट्टी ४० खाते. राहिले ७२८. त्यातून क्रोमची टॅबची रांग, पत्त्याची रांग आणि बुकमार्कची रांग गेली की पानाला सहाशेच्या आसपास उरतात. त्यात डिस्प्ले सेटिंगमध्ये कुणी स्केल १२५ टक्के करून ठेवलं असेल (आणि आजोबांना अक्षर दिसत नाही म्हणून कुणीतरी ठेवतंच), तर पोर्टलच्या, म्हणजे फॉर्म भरायच्या साइटच्या, दृष्टीनं तुमचा अख्खा स्क्रीनच १०९३ बाय ६१४ चा होतो. बऱ्याच पोर्टलची पानं १०२४ बाय ७६८ च्या जमान्यात आखलेली, काहींच्या तळाशी तसं लिहिलेलंही असतं. त्यात मधोमध उघडणारी चौकट स्क्रोल न होणारी केली असेल तर खालचं बटण दिसायचं कुठून? विंडो कितीही ओढा, नाही दिसणार.

म्हणून आधी स्केल १०० टक्के आहे का बघा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबून बुकमार्कची रांग लपवा. तरी बटण येत नसेल तर कंट्रोल दाबून वजाची कळ, पान ८० टक्क्यांवर आणा. हा झूम क्रोम त्या त्या साइटपुरता लक्षात ठेवतो, दुसऱ्या साइटला लागत नाही, त्यामुळे एकदाच करायचं. एफ अकरा दाबून पूर्ण स्क्रीन करणारे पण असतात. तेव्हा बटण दिसतं हे खरं, पण खालची पट्टी आणि घड्याळ सगळं जातं, आणि मग कुणीतरी फोन करून सांगतं की काँप्युटर अडकला.

शेजारी-शेजारीचं गणितही सांगून टाकतो, कारण त्यात एक मजा आहे. १३६६ चे अर्धे ६८३. एवढ्या रुंदीत १०२४ चं पान बसत नाही, खाली आडवी पट्टी येते आणि गट नंबरचा रकाना उजवीकडं पळतो. पण क्रोममधला ६७ टक्के झूम हा खरा दोन तृतीयांश आहे. ६८३ ची दीडपट केली की १०२४ आणि वर थोडं. उभ्या स्क्रोलपट्टीला जागा लागते हे धरूनही अशी बहुतेक पानं बसतात, कारण ती बनवणाऱ्यांनीही पट्टीची जागा सोडलेली असते. अक्षर बारीक होतं, ते सोसवतं का तुम्ही ठरवा. माझं ऐकाल तर कागदांची बाजू ५०० ची ठेवा आणि फॉर्मला ८६६ द्या. सातबारा किंवा पासबुक बघायला ५०० पुरतात, आणि क्रोमची साधी विंडो त्याहून फारशी अरुंद होतही नाही. मग फॉर्मला ८० टक्के झूम चालतो, आणि समोर पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन बसलेल्या मामांचा खाते क्रमांक डोळे न ताणता टिपता येतो.

कायमच्या मापासाठी मला सगळ्यात आवडणारी पद्धत म्हणजे त्या पोर्टलची स्वतंत्र विंडो करून टाकणं. पोर्टल उघडा, वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांत जा. नव्या क्रोममध्ये सेव्ह आणि शेअरच्या भागात 'इन्स्टॉल पेज अ‍ॅज अ‍ॅप' असं असतं. जुन्यात 'मोअर टूल्स'मध्ये 'क्रिएट शॉर्टकट' असतं आणि तिथं 'ओपन अ‍ॅज विंडो' वर टिक करायची असते. विंडोज सातवर अजूनही काही केंद्रं चालतात. त्यावर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, तिथं हा दुसरा मार्ग. एजमध्ये 'अ‍ॅप्स'खाली मिळतं. डेस्कटॉपवर त्या पोर्टलचं चिन्ह येतं. ते उघडलं की टॅब नाही, पत्त्याची रांग नाही, पानाला तेवढी उंचीही जास्त मिळते. मुख्य म्हणजे अशा प्रत्येक विंडोचं माप क्रोम वेगळं लिहून ठेवतो. फॉर्मच्या विंडोला एकदा ८६६ चं ओढून ठेवलं की तुम्ही मूळ क्रोम कसंही वापरा, छोटं करा, मोठं करा, हिच्या मापाला धक्का लागत नाही. प्रोफाइल तेच असल्यामुळे लॉगिन, डिजिटल सहीचं एक्स्टेन्शन (क्रोमला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) सगळं चालू राहतं. खोट एकच: पत्ता समोर दिसत नाही. पैसे भरायच्या आणि पासवर्ड टाकायच्या साइटचं असं चिन्ह करताना आधी साध्या टॅबमध्ये पत्ता अक्षर न् अक्षर वाचून घ्या, कारण नकली साइटचं चिन्ह एकदा डेस्कटॉपवर बसलं की मग कुणी तपासत नाही.

आता ज्यांना आकडे देऊनच उघडायचं आहे त्यांच्यासाठी शॉर्टकटची पद्धत. फोनवर सांगतो तशीच सांगतो, टाइप इंग्रजीतच करायचं. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हाची एक कॉपी करा. कॉपीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'टार्गेट'चा रकाना. तिथं क्रोम डॉट ईएक्सई वर संपणारा मजकूर अवतरणचिन्हांत असतो. शेवटच्या अवतरणचिन्हाच्या बाहेर या, एक जागा सोडा. मग सलग दोन डॅश, विंडो, एक डॅश, साइज, बरोबरचं चिन्ह, ८६६, स्वल्पविराम, ७२८. मधे कुठंही जागा नाही, आकडे इंग्रजी. पुन्हा एक जागा, दोन डॅश, विंडो, डॅश, पोझिशन, बरोबर, शून्य, स्वल्पविराम, शून्य. पहिला तुकडा रुंदी-उंची, दुसरा डाव्या-वरच्या कोपऱ्यापासूनची जागा. कागदांसाठी दुसरा शॉर्टकट केला तर त्यात साइज ५०० आणि ७२८, पोझिशन ८६६ आणि शून्य.

हे करून लोक मला सांगतात, "दादा, काहीच झालं नाही." बरोबर आहे. क्रोम आधीच चालू असेल तर दुसऱ्यांदा उघडलेला क्रोम आपलं काम चालू असलेल्याच्या हवाली करतो आणि निघून जातो, आकडे वाऱ्यावर. आणि क्रोम चालू नाही असं तुम्हाला वाटतं तेव्हाही तो असतो: सेटिंगमध्ये 'सिस्टिम'खाली, क्रोम बंद केल्यावरही मागं अ‍ॅप चालू ठेवण्याचा पर्याय आहे, तो बंद करा. एजमध्ये 'स्टार्टअप बूस्ट' हाच उद्योग करतो. शिवाय आधी मॅक्सिमाइज अवस्थेत बंद केलेलं असेल तर कधी कधी मॅक्सिमाइजची ती खूण आकड्यांवर मात करते. एकदा साध्या मापात आणून बंद केलं की वळणावर येतो.

दोन्ही शॉर्टकट एकाच वेळी आपापल्या मापात पाहिजेत तर प्रत्येकाला स्वतंत्र डेटा फोल्डर द्यावं लागतं. त्याच रकान्यात अजून एक जागा सोडून दोन डॅश, यूजर, डॅश, डेटा, डॅश, डी-आय-आर, बरोबर, आणि डी ड्राइव्हवरच्या एखाद्या फोल्डरचा पत्ता. म्हणजे तो पूर्ण वेगळा क्रोम झाला. पण वेगळा म्हणजे खरंच वेगळा: बुकमार्क नाहीत, पासवर्ड नाहीत, सहीचं एक्स्टेन्शन पुन्हा टाकायचं. आणि चार जीबी रॅमवर दोन-दोन क्रोम म्हणजे बैलगाडीला दोन गाड्यांचं ओझं. कागदांच्या बाजूला पीडीएफच बघायची असेल तर ती सरळ दुसऱ्या पीडीएफ बघायच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. तोही आपलं शेवटचं माप बहुधा धरून ठेवतो.

आकडे टाकताना स्केलचं भान ठेवा. क्रोम हे आकडे स्केलच्या आधीचे धरतो. १२५ टक्क्यांवर ८६६ दिले तर पडद्यावर ती सव्वापट, म्हणजे १०८० च्या वर जाते.

फायरफॉक्सवाल्यांसाठी थोडक्यात. तिथं ही वही प्रोफाइल फोल्डरमधल्या एक्सयूएलस्टोअर डॉट जेसन या फाइलमध्ये असते. माप वेड्यासारखं वागायला लागलं तर फायरफॉक्स पूर्ण बंद करून ती फाइल दुसरीकडं हलवा, नवी तयार होते. आणि कितीही केलं तरी प्रत्येक विंडो ठरावीक गोल आकड्यांच्या मापातच उघडत असेल, तर कुणीतरी 'रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग' चालू केलंय. विंडोच्या मापावरून माणूस ओळखता येऊ नये म्हणून ते मुद्दाम सगळ्यांना सारखं माप देतं. बिघाड नव्हे तो.

पोर्टल स्वतःहून छोटी विंडो उघडतं, पावतीची वगैरे, तिचं माप साइट बनवणारा ठरवतो. तुमच्या मूळ विंडोला मात्र साइट परस्पर लहान-मोठं करू शकत नाही. पूर्वी करायच्या. फायरफॉक्सनं सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून, साइटनं स्वतः न उघडलेल्या विंडोला हात लावणं बंद केलं. क्रोममध्ये अशा पावतीच्या विंडोच्या वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून 'शो अ‍ॅज टॅब' म्हटलं की ती मोठ्या विंडोत टॅब होऊन येते, मग प्रिंट सरळ निघते. ही युक्ती मी ज्या ज्या काउंटरवर दाखवली तिथं मला हमखास एक चहा मिळालाय.

कधी विंडो खाली पट्टीत दिसते पण पडद्यावर नसते. मीटिंगमध्ये प्रोजेक्टर किंवा टीव्ही जोडलेला असतो, नंतर काढला जातो, आणि विंडो त्या नसलेल्या पडद्यावर राहते. पट्टीवरच्या चिन्हावर क्लिक करा, मग ऑल्ट आणि स्पेस, मेनूतून 'मूव्ह' घ्या, कुठलाही एक बाण दाबा आणि माऊस हलवा. विंडो माऊसला चिकटून येते.

चांगली रॅम आणि मोठा मॉनिटर असेल तर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज फुकट मिळतं. त्यातलं फॅन्सीझोन्स पडद्याचे तुम्हाला हवे तसे भाग पाडून देतं. शिफ्ट दाबून विंडो ओढली की ती त्या भागात बसते, आणि नवी विंडो तिच्या मागच्या भागात आपोआप बसवण्याची टिकही तिथं आहे. पण हे विंडोज दहा-अकरावरच. तुमच्या मशीनवर मी ते टाकणार नाही.

ताई, तुम्ही आधी स्केल बघा आणि फॉर्मची स्वतंत्र विंडो करा, शॉर्टकटच्या भानगडीत पडू नका. दोन रात्री फुलीनं बंद करून बघा. तिसऱ्या सकाळीही इवलुशी उघडली तर फोन करताना तीन गोष्टी लिहून ठेवा: डिस्प्ले सेटिंगमधलं रिझोल्युशन, स्केलचा टक्का, आणि क्रोमच्या 'अबाउट'मध्ये दिसणारा आवृत्तीचा पहिला आकडा.